शेवटचा नंबर पोरांना द्या: जुन्या-नव्या बँडचा एकत्र पंक शो कसा लावायचा

जुना बँड शेवटी वाजवणार असं धरून पोस्टर करायला घेतलं असेल, तर जरा थांबा. जुन्या-नव्यांचे एकत्र शो बहुतेक तिथेच फसतात.

कसे फसतात ते सांगते. सातला पोरांचा बँड सुरू होतो. समोर त्यांचेच वीस-पंचवीस मित्र. बँड संपला की मित्र, बँड, गिटारच्या बॅगा, सगळं दाराबाहेर. साडेआठच्या सुमाराला आमच्या वयाची मंडळी उगवतात, कारण त्यांना ठाऊक असतं की 'आपले' नऊशिवाय चढत नाहीत. ते आमचा सेट बघतात, जुन्या गाण्यांना माना हलवतात आणि घरी जातात. एका खोलीत, एका रात्रीत दोन वेगळे शो झाले आणि एकाने दुसऱ्याचं तोंडही पाहिलं नाही. पोस्टरवर मात्र 'तीन पिढ्या एका स्टेजवर'.

मी ड्रम वाजवते. सतराव्या वर्षी काठ्या धरल्या, आता सत्तेचाळीस चालू आहे. बँड तोच, चौघांतले तिघेही तेच. गेली वीसेक वर्षं शोही लावते. पुढे जे सांगणार आहे ते छोट्या जागेसाठी आहे: शंभर-दीडशे माणसं, चार बँड, आवाजाला एक माणूस आणि मदतीला कुणाचा तरी धाकटा भाऊ. त्याहून मोठं काही करत असाल तर तुमच्याकडे पगारी माणसं असतील, त्यांना विचारा.

नंबर कसे लावायचे

हे मला डोकं चालवून कळलं नाही, अपघाताने कळलं. एका शोला आमच्या बेसवाल्याची रात्रपाळी निघाली. नऊला त्याला कामावर हजर व्हायचं होतं, म्हणून शेवटचे आम्ही पहिले झालो. ओळखीतल्या सगळ्यांना मेसेज टाकला: 'सातला म्हणजे सातला. नंतर आलात तर आम्ही गेलेलो असू.' पावणेसातला दाराशी ही रांग! आमच्या वयाच्या लोकांना नेमकी वेळ सांगितली तर ते पाळतात, हे मला तोवर माहीत नव्हतं, कारण आम्ही ती कधी सांगितलीच नव्हती. आणि एकदा आले, तिकीट काढलं, जुने मित्र भेटले, की लगेच निघणं जिवावर येतं. ते थांबले. पुढच्या बँडची पोरं सामान लावायला म्हणून आधीच आलेली होती, त्यांनी आम्हाला पाहिलं. मग आमच्या लोकांनी त्यांना पाहिलं. त्या रात्री बेसवाला तेवढा कुणालाच न बघता पळाला.

तेव्हापासून माझा क्रम असा असतो. पहिला नंबर दोन-तीन वर्षं वाजवणाऱ्या, हात बसलेल्या तरुण बँडला. अर्ध्या रिकाम्या खोलीत वाजवायला सराव लागतो, तिथे नवख्यांना ढकलू नका. दुसरा नंबर अगदी नवख्यांना, ज्यांचा हा पहिला किंवा दुसरा शो आहे. तिसरे आम्ही, म्हणजे जुने. चौथा आणि शेवटचा नंबर ज्या पोरांचे मित्र सगळ्यात जास्त, त्यांना. मित्र त्यांच्यासाठी थांबतातच, म्हणून आमच्या वाट्याला येतात. आमचे लोक आमच्यासाठी वेळेवर येतात, म्हणून नवख्यांच्या वाट्याला येतात. नवख्यांना एवढी भरलेली खोली स्वतःच्या जिवावर मिळायला दोन वर्षं लागली असती.

एखादा जुना बँड म्हणेल, 'लोक आमच्यासाठी येतात, आम्ही मध्ये कसे?' अशा वेळी पोस्टरवर त्यांचं नाव सगळ्यात वर आणि मोठ्या अक्षरात टाका, वेळ मात्र सव्वाआठचीच द्या. नावाचा मान वेगळा, नंबरचा मान वेगळा. बहुतेकांना पहिला पुरतो. ज्यांना दोन्ही हवेत त्यांना त्यांचा स्वतःचा शो लावू द्या, भांडू नका.

नवखा बँड चार दिवस आधी फोन करून 'आमचं बसत नाहीये' म्हणाला, तरी चिडू नका. ४ जून १९७६ला मँचेस्टरच्या लेसर फ्री ट्रेड हॉलमध्ये सेक्स पिस्टल्स या लंडनच्या पंक बँडचा जो शो झाला, तो हॉवर्ड डेव्होटो आणि पीट शेली या दोघांनी लावला होता. त्यांचा स्वतःचा बझकॉक्स त्या रात्री आधी वाजवणार होता, पण बँडच तयार झाला नाही. शो लावणाऱ्यांचाच बँड बसला नाही, आता बोला! २० जुलैला त्यांनी पिस्टल्सना त्याच हॉलमध्ये परत आणलं आणि तेव्हा बझकॉक्स वाजले. मधे साडेसहा आठवडे गेले, बस्. तेव्हा फोन ठेवण्याआधीच पुढच्या शोचा नंबर देऊन टाका. तारीख समोर असली की पोरं तालमीला बसतात.

वेळेचा हिशोब उलटा करायचा

आवाज दहाला बंद करायचा असेल तर दहापासून मागे या. चार सेट २५, २०, ३५ आणि ३० मिनिटांचे, मिळून ११०. मधले तीन बदल प्रत्येकी १५ मिनिटांचे, म्हणजे ४५. एकूण १५५ मिनिटं. सातला सुरू केलं तर ९:३५ला संपतं. वरची पंचवीस मिनिटं कुणालाही सांगायची नाहीत. ती तुटलेल्या तारांची, हरवलेल्या गायकाची आणि उडालेल्या फ्यूजची आहेत. बँडना कळलं की शिल्लक आहे, तर ती पहिल्याच सेटमध्ये संपते.

नवख्यांना २० मिनिटं कमी वाटत असतील तर त्यांना सांगा: रॅमोन्सच्या १९७६च्या पहिल्या अल्बममध्ये १४ गाणी आहेत आणि तो अर्ध्या तासाच्या आत संपतो. शिवाय पहिल्या शोला धडधडत्या छातीने सगळं दीडपट वेगाने वाजतं. तालमीत २० मिनिटांचा असलेला सेट स्टेजवर सोळात आटोपतो, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता पैज लावत नाही.

जुन्यांना उलट दटावावं लागतं. ३५ म्हणजे गप्पा धरून ३५. आमच्या गायकाला दोन गाण्यांच्या मधे 'अठ्ठ्याण्णव साली काय झालं' हे सांगायची खोड आहे. त्याने 'अठ्ठ्या' म्हटलं की मी चार काठ्या मारून पुढचं गाणं सुरू करते. प्रत्येक जुन्या बँडात असा एक ड्रमर असलाच पाहिजे.

एकच ड्रमसेट

या एका गोष्टीवर सगळा शो उभा असतो. चार बँड आपापला ड्रमसेट आणणार असतील, तर प्रत्येक बदलाला पंधरा नाही, तीस-पस्तीस मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात लोक बाहेर जातात आणि बाहेर गेलेला माणूस परत येईलच असं नाही. सेट एकच ठेवा, आणि तो जुन्या बँडने आणावा. जुन्यांकडे गाडी असते, बऱ्यापैकी स्टँड असतात आणि स्क्रू आपल्या जागी असतात. पोरांच्या सेटचा एक तरी पाय सुतळीने बांधलेला असतो. माझाही होता.

सेट म्हणजे काय, ते आधी मेसेजमध्ये स्पष्ट लिहा. माझ्याकडून किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम), दोन टॉम (एक मधला, एक जमिनीवरचा मोठा), सगळे स्टँड, गालिचा. तुम्ही आणायचं: स्नेअर (पुढ्यातला खणखणीत छोटा ड्रम), झांजा (क्रॅश, राइड आणि पायाने उघडझाप होणारी हाय-हॅटची जोडी), किक पेडल आणि काठ्या. जे फुटतं, तडकतं किंवा पायाच्या सवयीचं असतं, ते ज्याचं त्याने आणायचं. स्टूल माझं चालेल, पण मी बुटकी आहे, उंची तुमची तुम्ही लावा. एखाद्या पोराकडे स्वतःच्या झांजा नसतील तर तो लाजून सांगत नाही आणि ऐन वेळी तुमच्याकडे बघत उभा राहतो. म्हणून आधीच विचारा. माझ्याकडे एक जुनी जाड क्रॅश आहे, कडेला चीर गेलेली, ती मी अशा पोरांसाठीच ठेवलीय. वाजते कचऱ्याच्या डब्यासारखी, पण वाजते.

ड्रमचं कातडं फाटलं तर पैसे मागायचे नाहीत. ते झिजायलाच असतं. स्टँड मोडला, किकची रिंग चेपली, तर ज्याने मोडली त्याने भरून द्यायची. हे सगळ्यांना आधी सांगून टाका, म्हणजे नंतर तोंडं वाकडी होत नाहीत.

आता बदलाची ती पंधरा मिनिटं. झांजेच्या स्टँडच्या टोकाला एक प्लास्टिकची बारकी नळी असते, तिच्या खाली आणि वर फेल्टच्या चकत्या. घाईत पोरं झांज ओढून काढतात, नळी झांजेच्या भोकातून निघून खाली पडते आणि अंधारात गडप होते. पुढच्याची झांज मग धातूवर धातू अशी बसते. दोन-तीन शोमध्ये भोकाच्या कडेला खाच पडते, त्या खाचेतून चीर निघते. आणि वरचा नट! तो गच्च आवळायचा नसतो. झांज हलली पाहिजे, तिला फटका खाऊन डुलायला जागा हवी. मी नट आवळणाऱ्या पोरांच्या मागे उभी राहून अर्धा आटा सैल करते. खिशात पाच नळ्या, सहा चकत्या, हाय-हॅटचा एक जादा क्लच (वरची झांज दांड्यावर धरणारा) आणि ड्रमची चावी. इतकं असलं की निम्मी संकटं आपोआप सुटतात.

दुसरं म्हणजे गालिचा. तो नसेल तर किक प्रत्येक गाण्याला बोटभर पुढे सरकते आणि चौथ्या गाण्यापर्यंत ड्रमर खुर्चीच्या टोकावर आलेला असतो. गालिच्यावर प्रत्येक पायाच्या जागी चिकटपट्टीच्या खुणा करा. माझ्या पांढऱ्या आहेत. शेजारी पिवळ्याही आहेत, त्या का ते सांगते.

एका शोला नवख्या बँडची ड्रमर आली, सोळा वर्षांची. पहिला बँड संपला, मी सेटपाशी गेले, तर ही स्नेअर छातीशी धरून नुसती उभी. म्हटलं, 'काय गं?' तर म्हणे, 'ताई, मी डावखुरी आहे.' मी सगळ्यांना सगळं विचारलं होतं, हेच विचारलं नव्हतं. हाय-हॅट उजवीकडे, मोठा टॉम डावीकडे, राइड त्या टोकाला, मधला टॉम दुसऱ्या बाजूला. आम्ही दोघी गुडघ्यांवर, तोंडात टॉर्च. अकरा मिनिटं लागली. तिने वीस मिनिटं जीव तोडून वाजवलं, आणि मग आमच्यासाठी सेट परत सरळ करायला आणखी दहा. शिल्लक ठेवलेली पंचवीस मिनिटं मी त्या रात्री अशी खर्च केली. दुसऱ्या वेळी तिने येऊन आधी गालिच्यावर तिच्या खुणा केल्या, पिवळ्या पट्टीने, आणि वरून फोटो काढून ठेवला. आता सेट फिरवायला सहा मिनिटं पुरतात.

तर: डावखुरा ड्रमर आहे का, हे पहिल्याच मेसेजमध्ये विचारा. असेल तर तो बँड पहिला किंवा शेवटचा ठेवा, म्हणजे सेट एकदाच फिरवावा लागतो. वर सांगितलेला माझा लाडका क्रम यासाठी खुशाल मोडा.

अँप

बेसचा अँप आणि कॅबिनेट, म्हणजे स्पीकरचा खोका, एकच ठेवता येतं, सगळे त्यातच वाजवतात. गिटारवाले मात्र आपल्या अँपवर पोटच्या पोरासारखी माया करतात, म्हणून दोन कॅबिनेट कायमची लावून ठेवा आणि प्रत्येकाने फक्त हेड (अँपचा बटणांचा, स्पीकर नसलेला डबा) आणि पेडल आणावं. गिटारच्या कॅबिनेटला बेस जोडू देऊ नका, स्पीकरचे कागद फाटतात. उलट चालतं.

इथे एकच गणित पाठ करायचं. आठ ओहमची दोन कॅबिनेट एका हेडला समांतर जोडली की चार ओहम होतात, चार ओहमची दोन जोडली की दोन. बहुतेक हेडच्या मागे 'कमीत कमी ४ ओहम' असं काहीतरी लिहिलेलं असतं. मी एकदा न वाचता चार-चारची दोन जोडली. हेड पाहुण्या बँडचं होतं. तिसऱ्या गाण्यात जळका वास आला आणि गिटार गेली. दुरुस्तीचे पैसे मी भरले, पण त्या पोराचा चेहरा अजून आठवतो. व्हॉल्व्हचं हेड असेल तर स्पीकर जोडल्याशिवाय ते चालू करायचंच नाही, आतला ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. आणि हेडपासून कॅबिनेटपर्यंत स्पीकरचीच जाड केबल लावा. गिटारची केबल दिसायला तशीच असते, पण आत बारीक असते आणि तापते.

साउंडचेक

शेवटी वाजवणारा बँड साउंडचेक पहिला करतो, पहिला वाजवणारा सगळ्यात शेवटी. म्हणजे पहिल्या बँडचं सामान लावलेलं तसंच राहतं आणि दार उघडल्यावर ते थेट वाजवायला लागतात. बाकीच्यांनी आपल्या अँपच्या बटणांचे फोटो काढून बाजूला व्हायचं. वेळ कमी पडली तर पहिला आणि जुना या दोघांचाच पूर्ण चेक करा, बाकीच्यांना माइक चालू आहेत की नाहीत एवढं बघून सोडा.

छोट्या खोलीत ड्रमला माइक लागत नाही, फार तर किकला एक. आवाजाची पातळी ड्रमने ठरते. गिटार ड्रमच्या बरोबरीने, गाणं सगळ्यांच्या वर. गाणं ऐकू येत नसेल तर माइक वाढवू नका, गिटार कमी करा. माइक वाढवत गेलात की शिट्टी सुरू होते. हे सांगायची वेळ येते तेव्हा जुने गिटारवाले पोरांपेक्षा जास्त हट्टी असतात. त्यांचे कान आधीच गेलेले असतात.

नवखे गायक माइकची जाळी मुठीत धरतात, कारण तसं दिसायला भारी. जाळी झाकली की माइक समोरचंच नाही, चहूबाजूंचं ऐकायला लागतो आणि मॉनिटर, म्हणजे गायकाकडे तोंड करून ठेवलेला स्पीकर, किंचाळतो. त्याला ओरडू नका. साउंडचेकला एकदा तशी शिट्टी होऊ द्या, मग त्याचा हात खाली सरकवा. शिट्टी थांबली की तो आयुष्यभर विसरत नाही. मॉनिटर माइकच्या पाठीकडून गायकाच्या तोंडाकडे बघणारा ठेवा, माइक तिकडचं सगळ्यात कमी ऐकतो.

दार, वय आणि पुढची गर्दी

पोरं वाजवणार असतील तर त्यांचे मित्र आत येऊ शकले पाहिजेत. अठरा-एकवीसच्या खालच्यांना जिथे प्रवेश नाही, अशा जागी सोळा वर्षांच्या बँडचा शो लावणं म्हणजे त्यांना रिकाम्या खुर्च्यांसमोर बसवणं. जागा दारूवर चालणारी असेल तर दुपारचा शो मागून बघा. न्यूयॉर्कच्या सीबीजीबी या क्लबमध्ये ऐंशीच्या दशकात रविवार दुपारचे हार्डकोर शो याच सोयीने चालायचे. नाहीतर हातावर फुली. १९८० साली वॉशिंग्टनच्या टीन आयडल्स या पोरसवदा बँडच्या हातावर सॅन फ्रान्सिस्कोच्या मबुहाय गार्डन्स या क्लबमध्ये मोठी काळी फुली मारली, म्हणजे यांना दारू द्यायची नाही. ती युक्ती त्यांनी आपल्या गावी नेली आणि तिथल्या क्लबवाल्यांना म्हणाले, आमच्या हातावर फुल्या मारा, पण आत घ्या. मार्कर जाड आणि न पुसणारा घ्या. घामाने वाहून गेलेली फुली दाखवून बारवाल्याशी वाद घालत बसावं लागतं.

जुन्यांचे लोक मागे भिंतीला टेकून उभे राहतात, पोरं पुढे धक्काबुक्कीत. मधे रिकामा पट्टा पडतो. त्याला घाबरू नका, तिसऱ्या बँडला तो बुजतो. धक्काबुक्कीचे नियम मात्र दारावरच लिहा: पडलेल्याला आधी उचला, नको म्हणणाऱ्याला ओढू नका, हात चालवला तर बाहेर. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या ९२४ गिलमन स्ट्रीट या पंक क्लबमध्ये, जिथे पहिला शो ३१ डिसेंबर १९८६ला झाला, असे नियम भिंतीवर रंगवलेले आहेत आणि ती जागा स्वयंसेवकच चालवतात. वॉशिंग्टनचा बँड फुगाझी, ते तर मारामारी करणाऱ्याला पाहून गाणं थांबवायचे आणि तिकिटाचे पैसे पाकिटात घालून परत करून बाहेर काढायचे. आम्ही हे दोनदा केलंय. पाकीट हातात पडलं की माणूस इतका गोंधळतो की वाद घालायचं विसरतो. चार पाकिटं भरून दारावर ठेवा.

कानाचे बोळेही दारावर, फुकट. अमेरिकेच्या नायॉश या कामगारांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थेच्या हिशोबाने ८५ डेसिबल आठ तास चालतं, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. आमचा कुठलाही शो त्याच्या खाली नसतो. पोरं बोळे घेत नाहीत. त्यांना भाषण देऊ नका. माझ्या डाव्या कानात गेली बारा वर्षं हाय-हॅटच्या बाजूने एक बारीक सूर चालू आहे. तो कसा असतो हे तोंडाने काढून दाखवते. मग घेतात.

पैसे

आधी जागेचं भाडं, आवाजवाला आणि छपाई. बाहेरगावून आलेल्यांचा प्रवासखर्च. उरलेल्याचे चार सारखे भाग, दोघांच्या बँडला आणि सहाजणांच्या बँडलाही, नवख्यांना आणि जुन्यांनाही. हिशोब एका कागदावर, सगळ्यांसमोर, त्याच रात्री. काही उरलं नाही तर तोच कागद दाखवा. 'उद्या कळवते' म्हणायचं नाही. मला एका शो लावणाऱ्याने असं सांगितल्याला एकवीस वर्षं झाली.

टी-शर्ट आणि कॅसेट-सीडीचं टेबल सगळ्यांचं एकच. आमचे लोक आमचा टी-शर्ट घ्यायला येतात आणि शेजारी पोरांनी हाताने छापलेलं काहीतरी पडलेलं असतं. वेगळं टेबल असतं तर त्यांनी तिकडे मान वळवली नसती.

बोलणं

सगळ्यांनी पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत थांबायचं, ही एकच अट मी नंबर देताना घालते. आमच्या बँडलाही. पाय दुखतात म्हणून आमचा गिटारवाला घडीची खुर्ची आणतो आणि शेवटच्या बँडला पहिल्या रांगेत बसतो. पोरं त्याच्या अंगावरून उड्या मारतात.

जुन्यांनी सल्ला द्यायचा नाही, विचारला तरच द्यायचा. 'आमच्या वेळी' हे दोन शब्द उच्चारले की पोरं फोन काढतात. त्यांच्या गाण्यातलं नेमकं काहीतरी सांगा. 'छान वाजवलंत' पेक्षा 'तिसऱ्या गाण्यात तुम्ही सगळे एकदम थांबता, तिथे मी दचकले' हे ते लक्षात ठेवतात. आणि एखादी गोष्ट त्यांना विचारा. मी त्या डावखुऱ्या मुलीला विचारलं, एवढ्या वेगात किक एका पायाने कशी मारतेस? तिने पेडलवर टाच कशी सरकवायची ते दाखवलं. मला अजून जमत नाही, पण मंगळवारी बसते त्यावर.

पोरांसाठी: जुन्यांना अहो-जाहो चालेल, अरे-तुरेही चालेल, विचारून घ्या. एका रात्री एक गिटारवाला मला म्हणाला, 'काकू, तुमचा सेट भारी आहे.' तीस वर्षं वाजवल्यावर आधी तोंडात काहीच आलं नाही. मग विचारलं, 'ड्रमसेट की वाजवलेला?' म्हणाला, 'दोन्ही.' चालेल काकू.

आवरताना

दिवे लागल्यावर सगळं सामान एकाच वेळी एकाच दाराकडे निघतं, आणि तिथे काळ्या केबलींचा गुंता होतो. सगळ्या केबली सारख्याच दिसतात. शोच्या आधीच प्रत्येक बँडला एका रंगाची चिकटपट्टी द्या आणि केबलीच्या दोन्ही टोकांना, पेडलच्या खाली, स्टँडच्या पायाला लावायला सांगा. ड्रमसेट ज्याचा आहे त्याच्या गाडीत तो सगळ्यात आधी चढवायचा, आणि तो चढवायला चारही बँडमधला एकेक माणूस. शेवटी एकाने टॉर्च घेऊन रिकाम्या स्टेजवरून गुडघ्यांवर फिरायचं. मी दर वेळी दोन पिक, एक नळी आणि कुणाची तरी किल्ली शोधून काढते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांना एकच मेसेज: हिशोबाच्या कागदाचा फोटो, सापडलेल्या वस्तूंचा फोटो, आणि हरवलेल्या वस्तूंची यादी. यादीत पहिली वस्तू गेले आठ महिने तीच आहे. हाय-हॅटचा क्लच, पितळी, एका बाजूला पक्कडीचे दात उमटलेला. कुणाच्या बॅगेत असेल तर पुढच्या शोला घेऊन या.